ऐकू येईल ते सगळं

ज्ञानू सुभेदारांनी त्या दिवशी रिमोटवरचं एक बटण दाबलं, एवढंच. माणूस दिवसाकाठी पन्नास बटणं दाबतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण हे बटण दाबल्यामुळं सहा आठवड्यांनी फलटणची एक आत्याबाई भर मंगल कार्यालयात खुर्ची सारून उभी राहिली आणि लेकीचं लग्न लागायच्या आधीच सुभेदारांना दरदरून घाम फुटला.

टीव्ही नवा होता. सुभेदारांचा थोरला, राजवर्धन, शिरवळच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, तो घेऊन आला होता. रिमोटच्या कोपऱ्यात 'सीसी' असं एक बटण होतं. राजवर्धननं वडिलांना मोबाईलवर लिहून दाखवलं, 'हे दाबलं की माणसं बोलतील ते खाली लिहून येतं.' सुभेदारांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. माणूस तोफखान्यात चोवीस वर्षं काढलेला. त्या तोफांनी शत्रूचं किती नुकसान केलं ते सरकारला ठाऊक, सुभेदारांच्या कानांचं मात्र पुरतं केलं. गेली अकरा वर्षं त्यांना फक्त ढगांचा गडगडाट कळतो, तोही छातीत. फौजी दवाखान्यानं दिलेलं कानातलं यंत्र कपाटात पडून आहे. (ते लावलं की मिक्सर जवळ येतो आणि माणसं होती तिथंच राहतात.)

तर बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली, 'उपलब्ध नाही.' दुसरं मराठी चॅनेल लावलं, तिथंही तेच. तिसऱ्याला तर एवढंही सांगायची तसदी घ्यावीशी वाटली नाही.

मग सुभेदारांनी बातम्या लावल्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्याच्या तळाशी तीन पट्ट्या पळत होत्या. एकीत सोन्याचा भाव, दुसरीत कुठल्याशा नटीचं बाळंतपण, तिसरीत ब्रेकिंग न्यूज. समोरचा माणूस मात्र हातवारे करून घसा फोडून काय सांगतोय ते एकाही पट्टीत नव्हतं. इंग्रजी सिनेमाच्या चॅनेलवर गेले, तर तिथं गोरी माणसं इंग्रजी बोलत होती आणि खाली तेच इंग्रजी व्यवस्थित लिहून येत होतं.

"म्हंजे ज्यांना ऐकाय येतं त्यांच्यासाठी लिवत्यात," सुभेदार गरजले, "आन् ज्यांना ऐकाय येत न्हाई त्यांच्यासाठी न्हाई. ही कुठली रीत?"

विजयमालाबाई, म्हणजे सुभेदारांच्या सौभाग्यवती, शेंगा निवडत मालिका परत लागायची वाट बघत होत्या. आजवर घरातली कॅप्शन म्हणजे त्याच. मालिका अर्धा तास चालायची, दोन घराणी भांडायची, एक मृत्युपत्र फाटायचं, कुणीतरी विहिरीवर जाऊन परत यायचं, आणि सुभेदारांनी "काय झालं?" विचारलं की बाई सांगायच्या, "सून रडली." तेवढंच. एखादे वेळी सगळं घर खदाखदा हसायचं. सुभेदारांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय न्हाई. नंतर सांगते." हे 'नंतर' अकरा वर्षांत एकदाही उजाडलं नव्हतं.

(यात बाईंचा दोष काढण्यात अर्थ नाही. विनोद कानात ओरडून सांगितला की तो विनोद राहत नाही, फिर्याद होते.)

सुभेदारांनी तक्रार करायचं ठरवलं. चॅनेलवर पत्ता नव्हता, फोन नंबर होता. ज्याला ऐकू येत नाही त्यानं ऐकू येत नसल्याची तक्रार फोनवर करायची, अशी ती सोय. विजयमालाबाईंनी फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, तक्रारदार स्वतः बोलायला हवेत. बाई म्हणाल्या, त्यांना ऐकाय येत न्हाई. मुलगी म्हणाली, बरोबर आहे, पण नियमाप्रमाणे स्वतः बोलायला हवेत.

मग सुभेदारांनी फोन हातात घेतला. उभे राहिले. नाव, हुद्दा, पलटण सांगून त्यांनी सात मिनिटं असं झाडलं की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. शेवटी "जयहिंद" म्हणून फोन बाईंकडे दिला.

"तिनं कवाच ठेवलाय," बाईंनी हातानं खूण केली.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला. 'ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर न दिल्याने तक्रार नोंदवता आली नाही.' हे मात्र लिहून आलं. सुभेदारांनी मोबाईल उचलला, टोपी घातली आणि तडक कडेगावच्या बाजारपेठेत अल्लाबक्षच्या दुकानात गेले.

अल्लाबक्ष मुल्ला म्हणजे गावातला केबलवाला. घराघरांत तारा त्याच्या, गावापुरतं एक लोकल चॅनेल त्याचं, आणि लग्नसराईत शूटिंगपासून मोठ्या एलईडी पडद्यापर्यंत सगळं त्याच्याकडंच. सुभेदारांनी मेसेज त्याच्या नाकासमोर धरला. अल्लाबक्षनं तो वाचला आणि पाटीवर खडूनं लिहिलं, (सुभेदार गिऱ्हाईक झाल्यापासून त्यानं दुकानात पाटी ठेवली होती. अख्ख्या बाजारात हा एकच शहाणा माणूस.) 'वरचं चॅनेल वरनं येतं. आमी फकस्त तार वढतो.'

सुभेदार स्टुलावर बसले. आवाज त्यांच्या मते एकदम खाली आणून म्हणाले, "अल्लाबक्ष, एक सांगतो. राजाच्या लग्नात निवेदक कायतरी बोलला आन् सगळा मांडव हसला. नवरी हसली, नवरा हसला, भटजी हसला. मी बाप, फेटा बांधून मधोमध उभा. मी चौदा माणसांना इचारलं काय झालं म्हणून. चौदाच्या चौदा म्हणाले, काय न्हाई, आसंच. तीन वर्षं झाली. आता अंकीचं लगीन हाय. या लग्नात मला 'आसंच' नको."

रस्त्यापलीकडचा कापडवाला हातातलं काम थांबवून ऐकत होता. अल्लाबक्षचे डोळे भरून आले. त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, 'टीव्हीचं जमत न्हाई. लग्नाचं जमवू. रुक्सार लिवंल.'

रुक्सार त्याची थोरली मुलगी. कडेगावच्या कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार बोलेल तसं मराठीत धडाधड टाईप करायची, समोरच्या कीबोर्डकडं न बघता. सुभेदारांच्या लेकीची, अंकिताची, ती शाळेपासूनची मैत्रीण. बेत असा ठरला की स्टेजवर एका बाजूला बारा फुटी पडदा लावायचा, समोर टेबलाशी रुक्सार बसणार, आणि जे बोललं जाईल ते पडद्यावर खालच्या पट्टीत उमटणार. बोलल्यानंतर दोन सेकंदांत.

इथं सुभेदारांमधला तोफखाना जागा झाला. त्यांनी रुक्सारला बोलावून रीतसर हुकूम दिला. फौजेत वायरलेसवर जो संदेश येतो तो नोंदवताना ऑपरेटर स्वतःची अक्कल चालवत नाही. "ऐकू येईल ते सगळं लिवायचं. शब्दाला शब्द. कोण बोललं त्याच्यासकट. आपल्या मनानं गाळायचं न्हाई, भर घालायची न्हाई. 'काय न्हाई, आसंच' लिवलंस तर कोर्टमार्शल."

रुक्सार म्हणाली, "काका, कोर्टात पण आसंच असतंय." (हे तिनं लिहून दाखवलं.) तोंडातनं गेलेला शब्द साक्षीदाराला परत मिळत नाही, हे तिचं रोजचंच काम होतं. म्हणजे एक फौजी आणि एक कोर्टातली टायपिस्ट, दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. त्या वेळीच कुणीतरी शहाण्या माणसानं मध्ये पडायला हवं होतं. पण सगळे पत्रिका वाटत होते.

लग्नाचा दिवस उजाडला. फलटणचं वऱ्हाड तीन बसमधून आलं. नवरा मुलगा वीरधवल चांगला, निर्व्यसनी, राजवर्धनच्याच कंपनीतला. व्याही साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. आणि त्यांची थोरली बहीण अंबूआत्या. वराकडच्या मानापानाचं सगळं खातं तिच्याकडं. ती पहिल्या रांगेत येऊन बसली तीच गाल फुगवून, कपाळाला आठ्या घालून. आपल्या भागात वराची आत्या रुसली की लग्न थांबतं. तिची समजूत काढल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, आणि समजूत काढायला कधी साडी लागते, कधी वधूपित्याचा वाकून नमस्कार लागतो, कधी दोन्ही घेऊनही भागत नाही.

तिकडं सत्कार सुरू झाले. लग्नाआधी एकेचाळीस जणांचे सत्कार होते. आणि पडद्यावर ओळी उमटू लागल्या.

'निवेदक: ज्यांचे सत्कार झाले आहेत त्यांनी कृपया पुन्हा रांगेत उभे राहू नये.'

मांडव हसला. दोन सेकंदांनी सुभेदार हसले. इतके हसले की फेट्याचा शेमला हलू लागला. अकरा वर्षांत लोक हसले आणि आपणही त्याच कारणासाठी हसलो, असं पहिल्यांदा झालं होतं. त्यांनी विजयमालाबाईंकडं बघितलं, 'मला कळलं' अशा नजरेनं, आणि बाईंनी पदर डोळ्याला लावला.

रुक्सार तर कमालीची निघाली. ती माणसांच्या बोलण्यापुरती थांबली नव्हती. 'भटजी खोकतात.' 'नारळ पडल्याचा आवाज.' 'मागच्या रांगेत लहान मूल रडत आहे.' सुभेदारांनी गर्रकन वळून पाहिलं, तर खरंच मागच्या रांगेत एक पोर भोकाड पसरून बसलं होतं. पाठीमागं काय चाललंय ते मान न वळवता कळणं ही चैन ते विसरूनच गेले होते. ते पुन्हा समोर वळले आणि पुढचा नारळ कधी पडतो याची वाट बघू लागले.

माणूस सुखात आला की बोलावंसं वाटतं. सुभेदारांनी तोंडावर आडवा हात धरला, पूर्ण फौजी गुप्तता पाळली, आणि विजयमालाबाईंच्या कानाशी वाकून दोन शब्द कुजबुजले.

दोन सेकंदांनी पडद्यावर ओळ आली.

'ती अंबूआत्या कशावरनं रुसलीया? साडी कमी पडली का? का तोंडच तसं हाय? रुसली का हसली कळायला पाटी लावाय पायजे.'

सुभेदारांनी ती वाचली आणि मनापासून मान डोलावली. कुणीतरी अगदी खरं बोललं होतं. त्यांच्याही मनात नेमकं हेच होतं. असा निर्भीड माणूस कोण आहे ते बघावं म्हणून त्यांनी ओळीच्या सुरुवातीला नजर टाकली. तिथं लिहिलं होतं, 'वधूपिता:'. हा वधूपिता कोण, म्हणून त्यांनी आधी उजवीकडं बघितलं. मग डावीकडं. मग विजयमालाबाईंच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांना कळलं.

पहिल्या रांगेतली खुर्ची मागं सरली. अंबूआत्या उभी राहिली.

सुभेदार स्टेजवरून उतरून रुक्सारच्या टेबलाशी गेले. त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, लेकीचं लग्न मोडलं, आणि ते आपण बारा फुटी अक्षरांत मोडलं. "आगं पोरी, हे कुणाला इचारून लिवलंस? मी बायकोच्या कानात बोलत हुतो. कुजबुजत हुतो मी."

'वधूपिता: आगं पोरी, हे कुणाला इचारून लिवलंस? मी बायकोच्या कानात बोलत हुतो. कुजबुजत हुतो मी.'

"हे पण लिवतीस?"

'वधूपिता: हे पण लिवतीस?'

मांडव हसायला लागला. सुभेदारांनी पडद्याकडं पाठ केली, पण कळायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून परत वळले. रुक्सार बोटं न थांबवता काहीतरी बोलली आणि तेही तिनं इमानेइतबारे लिहिलं. 'टायपिस्ट: काका, माझ्या कानाला हेडफोन न्हाई. माईकची गरजच पडली न्हाई. तुमी बोलला ते पार जेवणाच्या पंक्तीपातुर गेलं.'

तेव्हा सुभेदारांनी लोकांकडं नीट पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडावर नवल नव्हतं. पडद्याकडं वाचायला म्हणून बघत होते ते एकटे सुभेदार. बाकीच्यांनी सगळं दोन सेकंद आधीच ऐकलं होतं.

अंबूआत्या टेबलाशी येऊन पोचली. तिनं एक हात गालावर धरला होता. ती बोलली, आणि सुभेदार पडद्याकडं बघत राहिले.

'वराची आत्या: रुसली न्हाई. दाढ दुखतीया पाटेपासनं. तीन बसमदनं आलेली माणसं हायत, एकानं इचारलं न्हाई. ह्या बाबानं निदान इचारलं तरी.'

विजयमालाबाई लवंग आणायला धावल्या. व्याह्यांनी निवेदकाच्या हातातून माईक घेतला. मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मोजलं नाही.

'वरपिता: सुभेदार, जिवाला लावून घेऊ नका. पोरगी बघायला आलो तवा चहा घेताना तुमी वैनींच्या कानात म्हणाला, पोरगं बरं हाय, बापाचं तोंड बघून दूध नासंल. आमी समद्यांनी ऐकलं. बशी हातात तशीच राहिली. घरी जाताना मी मंडळींना म्हणालो, सोयरीक हितंच करायची. ह्या घरात माघारी कोण बोलत न्हाई. त्यांना जमतच न्हाई.'

मांडवानं टाळ्या वाजवल्या. सुभेदारांना टाळ्या दिसल्या, पण टोचत दुसरंच काहीतरी होतं. अकरा वर्षं. अकरा वर्षांत आपण कुठं कुठं कुजबुजलो याची त्यांच्या डोक्यात यादी सुरू झाली. बँकेत मॅनेजरच्या टकलाविषयी. भजनात बुवांच्या सुराविषयी. मयतीच्या घरी मयताविषयी. यादी काही संपेना. त्यांचा राग आता टीव्हीवाल्यांवरून, फोनवरच्या मुलीवरून घरी आला.

"आगं, मला कुणी सांगितलं का न्हाई?" ते लवंग देऊन परतलेल्या बायकोला म्हणाले. "समद्या गावाला ठाऊक. मला एकट्याला ठाऊक न्हाई. मी माणूस हाय का न्हाई?"

हे मात्र कुणी हसण्यावारी नेलं नाही. पडद्यावर तो प्रश्न तसाच राहिला, रुक्सारची बोटं थांबली. विजयमालाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकायला गेल्या, सवयीनं. मग थांबल्या, सरळ उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात बोलल्या.

'वधूमाता: दर येळंला सांगितलं की. कानात वरडून सांगितलं. तुमाला वाटायचं मी जेवाय बोलावतीया. तुमी जेवाय बसायचा.'

हे खरं होतं. सुभेदारांना ती जेवणं आठवली. बरीच झाली होती, काही तर भूक नसताना.

आता अंकिता पुढं आली. मुंडावळ्या सावरत, शालू हातात धरून. अकरा वर्षं ती बापाशी ओरडूनच बोललेली. आणि ओरडून माणूस किती बोलणार? 'बाबा, चला', 'बाबा, जेवा', 'बाबा, पास झाले'. दोन-तीन शब्दांच्या वर वाक्य कधी गेलं नव्हतं. ती बापासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात बोलू लागली. सुभेदार तिच्या ओठांकडं बघत होते. तिनं त्यांची हनुवटी धरून मान पडद्याकडं वळवली.

'वधू: बाबा, रुक्सारला मीच बजावलंय, बाबांचं एक अक्षर गाळायचं न्हाई. तुमाला समदं कळाय पायजे हुतं ना. मग समद्यात तुमी पण आलाच. आन् मला तुमी कुजबुजता ते आवडतं. हॉस्टेलला सोडाय आला तवा आईच्या कानात म्हणाला हुता, हिच्याबिगर घरात करमायचं न्हाई. आख्ख्या हॉस्टेलनं ऐकलं. मी दोन वर्षं त्याच्यावर काढली.'

सुभेदारांनी ते वाचलं. ओळ पुढं सरकायच्या आत दुसऱ्यांदा वाचलं. लेकीचं एवढं लांब वाक्य त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. 'वधूपिता रडत आहेत' असं पडद्यावर आलं, तेही त्यांनी सहन केलं.

भटजींनी मुहूर्ताची घाई केली. मंडळी जागेवर गेली, अंतरपाट धरला गेला. सुभेदारांचा ऊर भरून आला होता आणि बायकोच्या कानात सांगण्यासारखं खूप काही साचलं होतं. पण आता ते शहाणे झाले होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले. खिशातून पेन काढलं, अक्षतांच्या कागदाच्या पुडीवर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या अल्लाबक्षच्या हातात ती चिठ्ठी दिली. खुणेनं सांगितलं, रुक्सारला दे, कुणाला कळू देऊ नको.

अल्लाबक्षनं वाकत वाकत टेबल गाठलं आणि चिठ्ठी मुलीपुढं धरली. मंगलाष्टकं सुरू झाली होती, रुक्सारचे दोन्ही हात गुंतले होते. मान न उचलता ती म्हणाली, "अब्बा, माझे हात रिकामे न्हाईत. तुमीच वाचा." अल्लाबक्षनं चष्मा लावला आणि भल्या माणसानं चिठ्ठी वाचून दाखवली. रुक्सारला जे ऐकू आलं ते तिनं लिहिलं.

'अल्लाबक्ष: इथून पुढे वधूपित्याचे काही लिहू नये. सावधान म्हटले की त्याला मोठ्याने रडू येणार आहे. ही गोष्ट गुप्त ठेवावी. हुकमावरून, ज्ञानू सुभेदार.'

भटजी अर्ध्या ओळीवर थांबले. अंतरपाट धरणारे दोघे हसून हसून वाकले आणि नवरा-नवरीनं मुहूर्ताआधीच एकमेकांना बघून घेतलं. अंबूआत्या गाल धरून हसत होती. सगळा मांडव हसत होता. सुभेदार फेटा बांधून मधोमध उभे होते, आणि सगळे कशाला हसतायत ते त्यांनी कुणालाही विचारलं नाही.